शुक्रवारचा सिनेमा नव्वद सेकंदांचा करा

आलेलं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई हडपसरला घराच्या वरच्या खोलीत इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. सोळा जण येतात, वय १९ ते ४५. बहुतेक मराठी माध्यमातले: कॉल सेंटरच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं-मुली, दोन गृहिणी, एक रिक्षावाले काका. शिवाय कोंढव्यात राहणारे येमेनचे दोन विद्यार्थी. सहा महिन्यांपासून दर शुक्रवारी त्या प्रोजेक्टरवर इंग्लिश सिनेमा दाखवतात, खाली हिंदी सबटायटल्स लावून. एक सिनेमा दोन-तीन शुक्रवार पुरतो. त्या दिवशी हजेरी सगळ्यात जास्त असते, सगळे खूश असतात. पण बोलायला सांगितलं की माना खाली जातात. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सिनेमा तर घरी पण बघतो, त्यासाठी फी कशाला?" ते बाईंना लागलं. आता त्यांचा प्रश्न असा: व्हिडिओ बंद करून पुन्हा व्याकरणाच्या पुस्तकाकडे वळू का? आणि चालूच ठेवायचं तर उच्चार सुधारावेत म्हणून अमेरिकन-ब्रिटिशच दाखवू का?

ताई,

त्या मुलाने सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, हे खरं. पण प्रश्न रास्त आहे. घरी जे मिळत नाही त्यासाठी माणूस फी भरतो, आणि सिनेमा घरी मिळतो. घरी मिळत नाही ते एवढंच: नेमक्या जागी सिनेमा थांबवणारं आणि थांबवल्यावर "आत्ता तो काय म्हणाला?" असं विचारणारं कुणीतरी. तुमच्या पत्रात प्रोजेक्टर आहे, सबटायटल्स आहेत, हजेरी आहे. थांबवायचं बटण कुठेच दिसलं नाही.

तुम्ही लिहिता, "मुलांना समजतं, विनोदाला हसतात." येत्या शुक्रवारी एक गोष्ट तपासा. पडद्याकडे बघू नका, मुलांच्या तोंडाकडे बघा. हसू नटाचं वाक्य संपल्यावर येतं की संपायच्या आधी? सबटायटल वाक्य सुरू होतानाच आख्खं खाली उमटतं. वाचणारा पुढे जातो, ऐकणारा मागे राहतो. हशा आधी पिकत असेल तर तो हिंदी वाचून पिकलेला आहे. म्हणजे शुक्रवारी तुमच्याकडे दीड तास हिंदीचं वाचन होतं, मागे इंग्लिशचं पार्श्वसंगीत.

२००९ मध्ये मिटेरर आणि मॅकक्वीन या संशोधकांनी हेच तपासलं होतं. डच लोकांना त्यांनी ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश उच्चारांतले व्हिडिओ दाखवले. काहींना खाली इंग्लिश अक्षरं, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलणाऱ्यांची नवी वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्लिश सबटायटल्सवाले पुढे गेले आणि डचवाले काहीच सबटायटल नसलेल्यांपेक्षाही मागे पडले. डोळ्याला आणि कानाला एकच शब्द मिळाला तर दोघं एकमेकांना आधार देतात. वेगवेगळे मिळाले तर डोळा जिंकतो. दूरदर्शनवर हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दाखवायची कल्पना ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये मांडली, ती याच तत्त्वावर. तिथे हेतू साक्षरतेचा होता, म्हणजे ओळखीच्या आवाजावरून अक्षराकडे जायचं. तुमच्या वर्गाला अक्षरावरून आवाजाकडे जायचंय, एवढाच फरक.

अर्थात त्या प्रयोगातल्या डच मंडळींना इंग्लिश बऱ्यापैकी येत होतं. तुमच्या सोळाजणांचं तसं नाही, म्हणून हिंदी-मराठी सबटायटल्स पूर्ण वर्ज्य करा असं मी म्हणत नाही. गोष्ट गुंतागुंतीची असेल तर एकदा, सुरुवातीला, आपल्या भाषेत बघू द्या. मग ती काढा आणि पुन्हा लावू नका. कान त्यानंतर कामाला लागतो.

बरं, ही हिंदी सबटायटल्स येमेनच्या दोघांना वाचता तरी येतात का? नसतील येत, तर सहा महिने त्या खोलीत खरोखर इंग्लिश ऐकणारे तेच दोघं आहेत.

आता व्याकरणाचं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं ते २००० साली. म्हणजे तुमच्याकडे येणारी तिशीच्या आतली मुलं दहा वर्षं हा विषय शिकून, पास होऊन आलेली आहेत. चाळिशीतल्यांनीसुद्धा पाचवीपासून सहा वर्षं काढलीत. रिकाम्या जागा त्यांनी शेकड्यांनी भरल्या आहेत. पुन्हा तेच पुस्तक उघडलंत तर ती मुकाट्याने भरतील, कारण त्यात बोलावं लागत नाही. अडतंय ते कानात आणि जिभेवर, आणि त्यासाठी व्हिडिओइतकं चांगलं साहित्य दुसरं नाही. मात्र ते साहित्य आहे. कणीक मळून ठेवली म्हणजे पोळ्या झाल्या असं होत नाही.

कानात काय अडतं याचं एकच उदाहरण देतो, कारण ते मुलाखतीत आणि नोकरीत खरोखर महागात पडतं. आपण "आय कॅन" म्हणतो आणि "आय कान्ट" म्हणतो. आपल्या कानाला फरक स्वराचा: कॅ म्हणजे हो, का म्हणजे नाही. अमेरिकन माणूस बोलताना "आय कॅन डू इट" यातला कॅन जवळजवळ गिळतो: "आय कन डू इट", जोर डू वर. आणि नकार देताना म्हणतो "आय कॅन्ट डू इट", पण शेवटचा ट फोडत नाही. जीभ टाळूला लावतो आणि तिथेच सोडून देतो. आपल्या मुलाला स्पष्ट, ठसठशीत "कॅन" ऐकू येतो आणि तो नकाराला होकार समजतो. ग्राहक म्हणतोय पैसे भरता येणार नाहीत, आणि हा म्हणतोय थँक्यू सर. व्याकरणाच्या कुठल्याही धड्यात हे सापडत नाही. व्हिडिओत चार सेकंदांत सापडतं, पण ते चार सेकंद आठ वेळा वाजवले तर. दोन तासांच्या सिनेमात ते वाहून जातात.

सिनेमा लांब असण्याचा आणखी एक तोटा आकड्यांत सांगता येतो. सिनेमा-मालिकांमधले ९५ टक्के शब्द ओळखीचे वाटायला इंग्लिशमधली सर्वांत जास्त वापरातली सुमारे ३००० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) माहीत असावी लागतात. साधं बोलणं मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास चालतं. म्हणजे ३००० शब्दकुळं येणाऱ्यालाही बोलणं सलग चालू असताना मिनिटाला सात-आठ शब्द अनोळखी भेटतात. तुमच्या मुलांची शिदोरी त्याहून कमी असणार. दहाव्या मिनिटाला त्यांनी कान मिटून घेतले तर त्यांचा दोष नाही.

म्हणून माझा आग्रह ६० ते ९० सेकंदांचा आहे. त्यावर पाऊण तास आरामात जातो. कसा, ते नीट सांगतो.

समजा दृश्य असं आहे: दुकानात ग्राहक बिघडलेली इलेक्ट्रिक किटली परत करायला आलाय, पावती हरवली आहे, दुकानदार तयार नाही. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून दाखवा. विचारा: कुठे आहेत, कोण कोणावर चिडलंय, पिशवीत काय आहे? इथे मराठीत बोलले तरी चालेल, दोनच मिनिटं. मग विचारा, या दोघांच्या तोंडी कोणते इंग्लिश शब्द येतील? रिसीट, रिफंड, वॉरंटी, एक्स्चेंज, जे सांगतील ते फळ्यावर लिहा, दहापर्यंत. बरोबर-चूक आत्ता ठरवू नका.

दुसऱ्यांदा आवाज सुरू, सबटायटल्स बंद. प्रश्न एकच: शेवटी पैसे मिळतात की दुसरी किटली? पाच प्रश्न दिलेत तर मुलं प्रश्न पाठ करत बसतात आणि ऐकायचं राहून जातं. यात फळ्यावरचे जे शब्द ऐकू आले त्यांच्यापुढे खूण करायची. दहातले चार लागले तरी वर्गाचा चेहरा बदलतो. अंदाज आपला, आवाज त्यांचा, आणि जुळलं!

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, त्याला पंधरा मिनिटं द्या. पूर्ण दृश्य नको, चारच वाक्यं निवडा. एकेक वाक्य तीनदा वाजवा आणि ऐकलं तसं लिहायला सांगा. आधी देवनागरीत! इंग्लिश स्पेलिंगमध्ये लिहायला सांगितलं की मुलं जे माहीत आहे ते लिहितात. देवनागरीत सांगितलं की जे ऐकू आलं ते लिहितात. वाक्य असेल "आय बॉट इट फ्रॉम यू अ कपल ऑफ डेज अगो", तर वह्यांमध्ये "बॉटिट", "फ्रम्यू", "कपला डेझगो" असलं काहीतरी उतरेल. हसू नका, ते अगदी बरोबर ऐकलेलं आहे. मग त्याच्या खाली इंग्लिश स्पेलिंगमध्ये वाक्य लिहून घ्या आणि कुठला शब्द कुठे चिकटला ते रेघा मारून दाखवा. बहुतेकांचे इट, अ, ऑफ हे चिल्लर शब्द हरवलेले असतील. मराठीत अ आणि द यांच्यासारखं काही नसल्यामुळे आपला कान त्यांची वाटच बघत नाही. ते जिभेवर येत नाहीत याचं मूळही तिथेच आहे. काम झालं की फळ्यावरची देवनागरी पुसून टाका. ती ऐकण्याची शिडी आहे. वहीत कायमची राहिली तर मुलं ती वाचून बोलायला लागतात, आणि देवनागरीतला एकच व इंग्लिशच्या व्ही आणि डब्ल्यू या दोन वेगळ्या आवाजांना एका दावणीला बांधतो.

येमेनच्या दोघांना हे अरबी लिपीत करू द्या. त्यांची अडचण वेगळी: अरबीत प नाही, त्यामुळे पार्किंगचं बार्किंग होतं. हे मराठी मुलांनाही कळू दे. अडखळणारे आपणच एकटे नाही हे कळलं की माना जरा वर येतात.

चौथ्यांदा इंग्लिश सबटायटल्स लावा आणि लिहिलेलं ताडून बघू द्या. दोन मिनिटांचं काम.

पाचव्यांदा पुन्हा आवाज बंद, आणि आता जोड्यांनी डबिंग. नटाचे ओठ हलतील तेवढ्या वेळात वाक्य बसवायचं. "अ, कपल, ऑफ, डेज, अगो" असे सुटे सुटे शब्द ठेवत गेलं की पडद्यावरचा माणूस तोंड मिटून मोकळा होतो आणि आपलं वाक्य अजून अर्ध्यावर असतं. इंग्लिशमध्ये जोर कुठे द्यायचा आणि कुठे उरकायचं, हे तासभर समजावून जितकं कळत नाही तितकं या फजितीतून कळतं. प्रत्येक जोडीला तीन संधी द्या. पहिल्या खेपेला सगळेच फसतात, तिसऱ्याला निम्मे जमवतात.

शेवटी पडदा बंद करा आणि प्रसंग तुळशीबागेत आणा. मागे पाटी आहे, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." एकाने इंग्लिशमध्ये नम्रपणे नकार देत राहायचं, दुसऱ्याने हटायचं नाही. कॉल सेंटरवाल्या मुलांनी हेच पाठीला पाठ लावून करावं, कारण फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नसतो. रिक्षावाल्या काकांसाठी दुकान नको. भाड्यावरून हुज्जत घालणारा परदेशी प्रवासी द्या. ते वर्गातल्या कुणाहीपेक्षा सरस करतील, असा माझा अंदाज आहे.

हाच तुकडा पुढच्या सोमवारी सुरुवातीला एकदा फक्त ऐकवा, चित्राशिवाय. आणि महिन्याला तीनच नवे तुकडे घ्या, चौथा शुक्रवार उजळणीला. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकणारी मुलं एकेका दृश्याची पारायणं करतात आणि त्याला कुणी कंटाळवाणं म्हणत नाही. भाषा शिकणाऱ्यालाही बघायची तीच सवय लावावी लागते.

तुम्ही येमेनच्या दोन विद्यार्थ्यांचा उल्लेख जाता जाता केलाय, "त्यांच्यासाठी वेगळं काही करता येत नाही" म्हणून. मला उलट वाटतं. वर्गातल्या चौदाजणांना एकमेकांशी इंग्लिश बोलायची खरी गरजच नाही. मराठी हाताशी असताना इंग्लिश बोलणं म्हणजे नाटक, आणि नाटकाला लाज वाटते. या दोघांशी बोलताना मात्र इंग्लिशशिवाय गत्यंतर नाही. एकाला पडद्याकडे पाठ करून बसवा, दुसऱ्याने आवाज बंद केलेल्या दृश्यात काय चाललंय ते त्याला सांगायचं. दोघंही मराठी असतील तर अर्ध्या मिनिटात "अरे तो उठला ना" सुरू होतं. जोडीत एक येमेनचा असला की ती पळवाटच बंद. दर शुक्रवारी जोड्या बदलत राहा म्हणजे सगळ्यांची पाळी येईल, आणि त्या दोघांनाही आपण कोपऱ्यात बसलोय असं वाटणार नाही. पाठ करून बसायची पाळी त्यांच्यावरच सारखी येणार नाही एवढं बघा.

तुकडा निवडताना बोलणारी माणसं दोन, फार तर तीन असावीत. बोलणं समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असावं. मागे संगीत नको. बातम्या टाळा. त्या लिहून वाचलेल्या असतात, कुणी माणसाशी तसं बोलत नाही. विनोदी मालिकांतला मागचा हशा नेमका वाक्याच्या शेवटावर येतो आणि शेवट खातो. मला सगळ्यात कामाचं वाटतं ते क्रिकेटमधलं नाणेफेकीच्या वेळचं बोलणं. मिनिट-दीड मिनिट, दोन माणसं, दर वेळी जवळपास तेच प्रश्न: का निवडली फलंदाजी, खेळपट्टी कशी आहे, संघात काय बदल. विषय ओळखीचा असल्यामुळे अंदाज बांधता येतो, आणि कर्णधार बदलला की उच्चार बदलतो: श्रीलंकेचा, दक्षिण आफ्रिकेचा, न्यूझीलंडचा. तेच प्रश्न, चार देशांचे आवाज. क्रिकेट न बघणाऱ्यांसाठी स्वयंपाकाचे व्हिडिओ आहेतच. त्यात क्रियापद कानावर पडतं तेव्हाच हात ते करत असतो.

यातच तुमच्या अमेरिकन-ब्रिटिश प्रश्नाचं उत्तर आलं. तुमची मुलं मगरपट्ट्यात किंवा खराडीत नोकरीला लागली तर शेजारच्या खुर्चीवर केरळची मुलगी असेल, टीम लीडर दिल्लीचा, फोनवर कधी टेक्सस तर कधी मँचेस्टर. ऐकायला सगळे उच्चार हवेत. बोलायला त्यातला एकही नक्कल करायची गरज नाही. जोर योग्य अक्षरावर आणि शेवटची व्यंजनं शाबूत, एवढं असलं तर मराठी वळणाचं इंग्लिश जगात कुठेही कळतं. डबिंग करताना नटाचा वेग पकडायला सांगा, त्याचं नाक नको.

हवा तसा तुकडा मिळाला नाही तर स्वतः बनवा. इंग्लिश चांगलं बोलणारे ओळखीचे दोघं पकडा. त्यांना संवाद लिहून देऊ नका, प्रसंग सांगा. लिहून दिलं की ते वाचल्यासारखे बोलतात आणि अं, वेल, यू नो हे सगळं गळून जातं. तीन वेळा करून घ्या, बहुधा दुसरा उत्तम येतो. फोन आडवा धरा, पंखा बंद करा, आणि दुसरा फोन रेकॉर्डिंग चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. लांबून घेतलेला आवाज वर्गात घुमतो.

कायद्याचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी सवलती आहेत, पण फी घेणारा घरचा क्लास त्यात बसतोच असं गृहीत धरू नका. कुठून तरी उतरवलेले सिनेमे पेनड्राइव्हवर ठेवून दाखवणं तर सोडूनच द्या. अधिकृत वाहिन्यांवरचे तुकडे थेट तिथूनच दाखवा.

यंत्रांबद्दल थोडं, कारण शुक्रवार बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. चित्र मंद असलं तरी चालतं, आवाज मंद असला तर सगळं संपलं. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर आवाज ओठांच्या मागे पडतो. डबिंगला हे मारक आहे, साडेतीन मिलिमीटरची साधी वायर लावा. स्पीकर पडद्याखाली ठेवा, मागे नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी स्वतः शेवटच्या रांगेत बसून ऐका. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला एक जाड सतरंजी लटकवली तरी फरक पडतो. यूट्यूबवर वेग ०.७५ पर्यंत कमी करा, त्याखाली आवाज रबरासारखा ताणला जातो. तुम्ही स्वतः सावकाश म्हणून दाखवता तेव्हा शब्द सुटे होतात. व्हिडिओ हळू केला तर चिकटलेले शब्द चिकटलेलेच राहतात, आणि ऐकायचंय ते तेच. लॅपटॉपवर डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे, जे हे अक्षर दाबलं की दहा. आपोआप तयार झालेल्या सबटायटल्सवर विसंबू नका. नावं आणि गिळलेले शब्द त्यांत हमखास चुकतात. ९० सेकंदांचं बोलणं स्वतः ऐकून लिहायला अर्धा-पाऊण तास जातो, तो आदल्या दिवशी काढा. ते लिहितानाच मुलं कुठे अडखळतील ते कळतं.

तुम्ही बनवलेला तुकडा लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये लावलात तर चौकटी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो, आणि व्ह्यू मेनूतली ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केली की हवा तो भाग ए पासून बी पर्यंत पुन्हा पुन्हा वाजवणारं बटण मिळतं. सबटायटल पुढे-मागे झालं असेल तर जी आणि एच.

दोन-तीन महिन्यांनी मुलांकडून त्यांचे स्वतःचे व्हिडिओ घ्या, ४५ सेकंदांचे. इथे एक काळजी. सगळ्याच मुलींना, आणि कदाचित त्या दोन गृहिणींनाही, चेहरा दाखवायला आवडेल असं नाही, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेलेलं काही परत येत नाही. फक्त हात दिसू देत. कुणी पोहे करेल, कुणी पंक्चर काढेल, कुणी साडीची घडी घालेल, आणि आवाज त्यांचा. व्हिडिओ ग्रुपवर न टाकता तुमच्याकडेच पाठवायचे, वर्गात बघायचे आणि त्यांच्यासमोर पुसायचे.

प्रगती मोजायला परीक्षा नको. या शुक्रवारी प्रत्येकाला आवाज बंद केलेला एक मिनिटाचा तुकडा दाखवून त्याचं वर्णन व्हॉइस नोटवर घ्या, आणि सहा आठवड्यांनी तशाच दुसऱ्या तुकड्याचं. चुका मोजू नका. बोलायला लागल्यावर चुका वाढतातच. तीन सेकंदांपेक्षा लांब गप्प राहणं किती वेळा झालं ते मोजा. दोन्ही नोट त्याला एकापाठोपाठ ऐकवा, वर्गासमोर नव्हे, एकट्याला.

आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा. त्याच्याकडे लॅपटॉप द्या. कुणीही हात वर केला की थांबवायचं आणि डावा बाण दाबायचा, हे काम त्याचं. थांबवल्यावर काय विचारायचं ते तुमच्याकडे राहू दे.

सध्या जो सिनेमा अर्धा झालाय तो मात्र पूर्ण दाखवून टाका, हिंदी सबटायटल्ससकट, आणि ही करमणूक आहे असं सांगून. शेवट न दाखवता बंद केलात तर फी परत मागायला सोळाही जण येतील.